सुताराची साक्ष

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या त्या ऑफिसात मी फक्त माझं दुभाषीचं ओळखपत्र बदलून घ्यायला गेले होते. खिडकीपाशी कारकून एका तरुणावर घसा फोडून ओरडत होता, "नाऽऽव काय? नाऽऽव?"

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर ओरडतोय!"

कारकुनाच्या मानेच्या फुगलेल्या शिरा बघून तरुणाला हसू फुटलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने त्याने जे सांगितलं, ते मी मोठ्याने सांगितलं. माझा दादा जन्मापासून बहिरा, त्यामुळे ही भाषा मला तोंडाने बोलण्याआधीच येत होती.

"मी सुतार आहे. नाक्यावर फौजदाराने अडवलं. मी हातांनी सांगायला गेलो, तर हात पिरगळून दोन बोटं मोडली."

कारकुनाचा आवाज एकदम बसला.

तक्रार नोंदली गेली, पण चौकशीत 'सौम्य बळाचा वापर' असा शेरा मारून फाइल मिटवून टाकली. सुतार मिटवून घेणाऱ्यातला नव्हता. त्याने फौजदारावर दिवाणी दावा लावला, आणि कोर्टाने दुभाषी म्हणून नेमलं... मला.

तिथून माझी पंचाईत सुरू झाली. खुणांच्या भाषेत 'तुम्ही' नसतं. समोर बोट केलं की झालं, तू! शिवाय नजर वळवली की बोलणंच बंद. म्हणजे लाजायचीही सोय नाही.

मोडलेली बोटं दुखायला लागली की तो कानामागची पेन्सिल काढून डाव्या हाताने लिहायचा. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात फारच गप्पा मारायला लागला, तेव्हा मी त्याच्या कागदावर दटावून लिहिलं, 'फक्त केसबद्दल!'

त्याने खाली लिहिलं, 'कपाळावर आलेत. बाजूला कर.'

मी हसू दाबलं. हातांनी बजावलं, "निकाल लागेपर्यंत मी कुणाचीच नाही. शपथ घेतलीय."

"आणि नंतर?"

मी कोर्टाच्या आवाराकडे बघायला लागले...

साक्षीच्या दिवशी फौजदाराचे वकील ताडकन उठले. "याने अंगावर हात उगारले होते! दाखवा कोर्टाला, काय केलंत तेव्हा!"

सुताराने छातीवर हात ठेवला, बोट कानाकडे नेलं, मग तळहातावर झपझप काहीतरी ओढलं.

"बघा! हाच तो हल्ला!" वकील गरजले.

न्यायाधीश बाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणताहेत ते?"

मी उलगडून सांगितलं. "ते म्हणताहेत... 'मला ऐकू येत नाही. कृपा करून लिहून द्या.'"

फौजदाराची मान खाली गेली, ती पुन्हा वर आलीच नाही.

निकाल सुताराच्या बाजूने लागला. भरपाई तर मिळालीच, वर फौजदाराची लेखी माफी. आणि यापुढे दुभाषी बोलावल्याशिवाय कुठल्याही बहिऱ्या माणसाची चौकशी करायची नाही, असा हुकूम!

व्हरांड्यात दादा आणि सुताराचे वीसेक बहिरे मित्र जमले होते. सगळ्यांना बाजूला सारत तो थेट माझ्यासमोर आला.

"शपथ संपली?"

"संपली."

दोन वर्षं मी त्याचा 'मी' माझ्या तोंडाने बोलत आले होते. आता माझं स्वतःचं एक वाक्य सांगायला मी हात उचलले.

"तू मला आवडतोस... फार. लग्न करशील माझ्याशी?"

आणि मग माझ्या ध्यानात आलं, अख्खा व्हरांडा माझे हात वाचत होता! आधी दादाने दोन्ही हात उंच धरून हवेत फडफडवले, मग एकेक करत सगळ्यांनी. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या! गर्दी बघून शिपाई "शांतता! शांतता!" करत धावत आला, आणि कसलाच आवाज नाही हे लक्षात येऊन बावचळून उभा राहिला.

मी शरमेने लाल झाले होते, पण या वेळी नजर काही वळवली नाही.

"एवढ्या साक्षीदारांसमोर," सुतार म्हणाला, "मी नाही कसं म्हणणार?"