शाफ्ट सोडलेली गाडी

न्हाई, तो रतनसिंग मिस्त्री खोटं बोलून राहिला. ऑइल कमी व्हतं म्हने. खेमानं तशीच गाडी रेटली, म्हनून विजयकुमारचे हात गेले म्हने. अरे, खेमाला शिव्या द्यायच्या तर द्या, दिवसातून दोनदा म्या बी देतो. पन त्याच्या गिअरबॉक्समधी ऑइल कमी व्हतं असं म्हनू नका. बायकोची चप्पल तुटली ते त्या मानसाला दिसायचं न्हाई, आन् गिअरच्या खोक्याखाली एक थेंब पडला तर भाकर गिळायची न्हाई. देवला, बस हितं. सोमवारपासून खेमाच्या टोचनच्या गाडीत मागं बसायला तू हो म्हनलास ना? मग आधी ऐक. खेमानं सोता सांगितलंय, दवाखान्याच्या पायरीवर, रडत.

खेमाची गाडी तीस वर्षं जुनी, सहाचाकी. रस्त्यात मेलेल्या गाड्या मागच्या लोखंडी पाइपाला अडकवून वढून न्यायच्या, हेच त्याचं पोट. मागच्या गाडीचं स्टेरिंग धरायला बायकोचा भाऊ, विजयकुमार. गाडीला एकच खोड. वजन आलं की तिसरा गिअर उडायचा, दांडी फटकन मधी, न्यूट्रलला यायची. म्हनून चढावर खेमा एका हातानं स्टेरिंग धरायचा आन् दुसऱ्यानं दांडी दाबून ठिवायचा. मागं वजन असलं की टॉप गिअर टाकायचा न्हाई. चढ लागला की गिअर बदलायचा न्हाई, थांबायचं तर बिलकुलच न्हाई. सपाटीवर धा किलोमीटर झाले की खाली सरकायचं, खोक्यावर तळहात ठिवायचा आन् धापर्यंत मोजायचं. हात टिकला तर चला. न्हाई टिकला तर लिंबाखाली बिडी. असं करून त्यानं ते खोकं जगवलं व्हतं.

आता अमृतराव. सेनगावचा ट्रकवाला, डोकं खेमासारखंच फिरलेलं. होळीच्या आधी वारंगा फाट्यावर गाडी आडवी लावली, एवढ्यावरून दोघं जुंपले. खेमानं त्याचं डोकं बंपरवर आपटलं. एकदा न्हाई, तीनदा. लोकांनी हात धरले तवा सोडलं. पंधरा दिवसांनी तोच अमृतराव फाट्याच्या अलीकडं उभ्या ट्रेलरमधी घुसला. स्टेरिंग छातीत गेलं. पत्रा कापून काढावं लागलं त्याला.

ती गाडी सेनगावला न्यायचं काम खेमाकडंच आलं. दुपारचा एक. रस्त्यावर कुत्रं न्हाई. केबिनमधी सीटवर रगत वाळून काळं झालेलं, वरून कुनीतरी पोतं टाकलेलं, पोत्यावर माशा. विजयकुमारनं खाली घुसून गिअरबॉक्सपासून चाकांपोतर जानारा शाफ्ट सोडला, तारेनं वर बांधला. शाफ्ट सोडला की चाकं फिरतात, पन गिअरबॉक्सला त्याचा पत्ता नसतो. तो थंडच राहतो.

आन् टोचनवाल्यांची एक रीत हाय. ज्या गाडीत मानूस गेला, तिचं दार उघडायचं, हात जोडायचे आन् म्हनायचं, दादा, खाली उतरा, गाडी घरी चालली. मगच पाइप लावायचा. विजयकुमार दारापाशी गेला.

"दाजी, तेवढं म्हनून घेऊ द्या."

"कुनाला? त्याला?" खेमानं त्याला ढकललं. पोत्यावर थुंकला. "बस रे अमृत्या. उतरू नको. बस तसाच, तुला फरफटत नेतो."

आन् लाथेनं दार लावलं.

कळमनुरीपोतर ठीक गेलं. पुढं गाडी जड व्हायला लागली. रस्ता सपाट, गाडी रिकामी, आन् इंजिन मात्र वीस टन वढल्यावानी गुरगुरून राहिलं. जळक्या ऑइलचा वास आला. खेमा थांबला, खाली सरकला, आपल्या खोक्यावर हात ठिवला. धापर्यंत मोजलं. वीसपोतर मोजलं. खोकं कोमट.

वास मागून येत व्हता.

तो अमृतरावच्या गाडीखाली गेला. शाफ्ट तारेला बांधलेला, जसाच्या तसा. त्या खोक्याला हात लावला आन् तळहाताची कातडी तिथंच चिकटली.

विजयकुमार खाली उतरून उभा व्हता. वठ पांढरे. हळूच म्हनला, "दाजी... मी गिअर मधी ठिवतो. अन् कोनतरी टाकून राहिलं."

खेमाचा हात भाजलेला, डोकं त्याच्याहून तापलेलं. त्यानं लोखंडी टॉमी उचलली आन् विजयकुमारच्या मांडीवर हानली. पोरगं खाली बसलं. बसल्या जागी अजून एक हानली. मग गचांडी धरून केबिनमधी कोंबलं, रबरी ट्यूब अंगावर फेकली, म्हनला, दांडी बांध मधी, आन् तोंड बंद ठिव. विजयकुमारनं बांधली. खेमानं सोता बघितली, दोन गाठी.

पुढं चढ लागला. लांबलचक, दोन वळनांचा. खेमानं तिसरा टाकला आन् दांडी दाबून धरली. आर्ध्यात आला आन् दांडी उलटी दाबायला लागली. उडायची तशी न्हाई रे. एखाद्यानं पंजा लडवावा तशी, हळूहळू. त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या. मागून खोक्याचं वरडनं, लोखंडावर लोखंड, आन् त्याच्यात एक मानसाचा आवाज.

खेमानं उजव्या आरशात बघितलं. मागच्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर, हालून राहिलाय. थांब, थांब. डाव्या आरशात बघितलं. त्या बी खिडकीतून हात बाहेर.

त्याला कळलं, पोरगं थांब म्हनतंय. पन चढावर वजन घेऊन थांबलं की पुन्हा उचलताना खोकं फुटनार. तीस वर्षं जगवलेलं खोकं. खेमा म्हनला, वरपोतर. फकस्त वरपोतर. दात खाऊन दांडी दाबली. मनगटात काडकन आवाज झाला, हाड कातडीतून बाहेर आलं, तरी दाबली. हात हालत व्हते तवर बघत व्हता. मग त्यानं आरशात बघायचंच सोडलं.

वळनं दोन्ही मागच्या गाडीनं सफाईदार घेतली.

माथ्यावर थांबून तो मागं पळाला. दार उघडलं. दांडी तिसऱ्या गिअरमधी. आन् त्या दांडीला विजयकुमारचे दोन्ही हात, मनगटाला मनगट लावून, त्याच ट्यूबनं बांधलेले. ट्यूब हाडापोतर रुतलेली. बोटं ठेचून काळी. सोताचे दोन्ही हात असे बांधता येत न्हाईत कुनाला, देवला, तू बांधून बघ. आन् खेमाला तवा उमगलं. ट्रकच्या केबिनमधी एक मानूस दोन्ही खिडक्यांतून हात काढू शकत न्हाई. पुरतच न्हाईत.

नांदेडला दोन्ही पंजे कापले. त्या दिसापासून विजयकुमार बोलला न्हाई.

रतनसिंगनं दोन्ही खोकी उघडली. खेमाच्या खोक्यात ऑइल मधासारखं, दात शाबूत. अमृतरावच्या खोक्यात, शाफ्ट सोडलेल्या खोक्यात, तिसऱ्याचे समदे दात झडलेले, ऑइल जळून डांबर. रतनसिंगनं हे डोळ्यानं बघितलं. म्हनून तर ऑइल कमी, ऑइल कमी करून राहिला. भ्यालाय तो.

आता खेमाचा तिसरा उडत न्हाई. मनगट जुळलं, गाडी पुन्हा रोडवर. तो खूश हाय. म्हनतो, खोकं आपसूक बसलं. पन घरी शिवकन्या, त्याची बायको, खूश न्हाई. भाऊ तिच्याकडंच बाजेवर पडून असतो. खेमा गाडी घेऊन गेला की विजयकुमारचा डावा पाय, क्लच दाबल्यावानी, हवेत दाबला जातो, सुटतो. दाबला जातो, सुटतो. एकदा तिनं फोन लावला, खेमाला म्हनली, गिअर टाकताना सांगा. त्यानं टाकला म्हनला, तवाच पाय दाबला.

ते बी जाऊ दे. काल सकाळी खेमा न्हानीत व्हता. किल्ली त्याच्या शर्टात, शर्ट खुंटीवर. विजयकुमारचा पाय दाबला गेला आन् सुटलाच न्हाई. शिवकन्या बाहेर आली तर गाडी जागेवरच उभी, इंजिन थंड. पन पुढच्या चाकाला लावलेला दगड, डोक्याएवढा काळा दगड, त्याचा चुरा झाला व्हता. आन् रात्री रोडकडं तोंड करून लावलेल्या गाडीचं तोंड घराच्या दाराकडं.

उतरू नको म्हनला व्हता ना खेमा? न्हाई उतरला तो. फोन काढ. माझ्याम्होरं खेमाला लाव. म्हन, मी येत न्हाई.