डावीकडचा दुभाषी

नवरोजची सकाळ होती. अफगाणिस्तानातल्या मझार शहरात इल्यासच्या घरी सात मेव्यांचं गोड पाणी वाडग्यांत ओतलं जात होतं. रात्रभर भिजून जर्दाळू टम्म फुगले होते. तेवढ्यात इल्यासच्या फोनवर पत्र आलं आणि तो उठून नाचायलाच लागला.

“व्हिसा मिळाला! आपल्या तिघांनाही!”

“शहला, निखाऱ्यावर इस्पंदाचे दाणे टाक,” बीबीजान म्हणाली. “दृष्ट लागेल माझ्या लेकाला.”

“कुणाची, खालाजान? फिरंग्यांची?” शहला सासूकडे पाहून हसली. “सहा वर्षं ते यांच्याकडे चोराकडे पाहावं तसंच पाहताहेत!”

खोटं नव्हतं. तो परक्या फौजेचा दुभाषी असूनही रोज ठाण्याच्या फाटकावर त्याचे बूट काढून तपासत, फोन काढून घेत, डोळ्यांचा फोटो काढत. व्हिसाच्या वेळी बोटांना खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या तारा जोडून विचारलं होतं, “कधी चुकीचं भाषांतर केलंत?”

तो नाही म्हणाला होता. घराच्या दाराखालून धमकीच्या दोन चिठ्ठ्या आल्या होत्या. खरं बोलला असता, तर व्हिसा हुकला असता आणि इथे मरण वाट पाहत होतं.

चुकीचं भाषांतर त्यानं एकदाच केलं होतं. एका गावात एका म्हाताऱ्यानं आपल्या घरात फौजेच्या कॅप्टनला बजावलं होतं, “सूर्य मावळायच्या आत निघा, नाहीतर तुमची प्रेतं निघतील.” सैनिकांची बोटं बंदुकांच्या घोड्यांवर होती. इल्यास म्हणाला, “चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, म्हणतात.” कॅप्टन हसून बैठक मारून बसला. म्हातारा चक्रावला, पण घरात बसलेल्याला चहा न देणं त्याला जमणार नव्हतं. त्या दिवशी कुणी मेलं नाही.

“खाली कॅप्टननंही लिहिलंय,” इल्यास म्हणाला. पत्राखाली त्याच कॅप्टनची साक्ष जोडलेली होती, थेट इल्यासला उद्देशून.

“एका स्थानिक दुभाष्यावर आम्ही कधी विसंबत नाही. त्या म्हाताऱ्याचं बोलणंही मी दुसऱ्या दुभाष्याकडून पडताळून घेतलं. तोही चहाच म्हणाला. तुमच्या डावीकडे, अगदी खेटून बसला होता. वर्षभर तिथेच तर बसायचा. त्याच्या शब्दावर मी तुमची हमी देतो.”

इल्यासनं पुन्हा वाचलं.

त्या ठाण्यावर तो एकटाच दुभाषी होता. आणि त्या दिवशी डावीकडे मातीची भिंत होती. खांद्याला लागलेली माती शहलानं घासघासून धुतली होती.

अंगणात शेजारणी डफ वाजवत जमू लागल्या. इस्पंदाचा धूर दाटला. बीबीजान पळी हातात घेऊन समोर उभी राहिली.

“काय म्हणतोय रे तुझा कप्तान?”

इल्यासच्या डाव्या कानाची पाळी थंड पडली होती. पण आई इतकी हसरी त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

“नवरोज मुबारक म्हणतोय. तुझ्या हातचं खायला येणार म्हणतोय.”

बीबीजान खुदकन हसली. पळी त्याच्या डोक्यावर हलकेच आपटली.

“मग शब्दन् शब्द तेच दोनदा काय सांगतोस, गाढवा? बहिरी नाही झाले मी अजून!”