वरच्या मजल्यावरची डेल्फीन

खोटं वाटत असेल तर वाचू नका. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. मी तिथे होते, एवढं मला पुरे आहे.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातली हॉलिस्टर स्ट्रीट. दुपारचे साडेतीन. बाहेर गुडघाभर बर्फ आणि डोळे दिपवणारं ऊन.

हो. भर उन्हात घडलं हे.

मी बर्नी. एकोणीस वर्षं घरं भाड्याने देते. माझा धाकटा भाऊ लायल याने हिवाळ्याच्या तोंडावर आपलं पहिलं घर घेतलं. दुमजली, लाकडी. वर एक बिऱ्हाड, खाली एक.

मी त्याला आधीच बजावलं होतं. "सही करण्याआधी तळघरात उतर. घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी उघडून बघ. सोबत जाणकार माणूस ने. आणि शेजाऱ्यांशी बोल. घराची सगळी कुंडली त्यांच्याकडे असते."

"बर्नी, तुझा जमाना गेला गं," तो म्हणाला. "हल्ली लोक फोनवर घरं घेतात. मी फोटो पाहिलेत."

फोटो!

आजही तो शब्द आठवला की माझं डोकं फिरतं.

खाली नोरीन राहायला आली. वृद्धाश्रमात काम करणारी, एकटी आई. तिची सहा वर्षांची मुलगी, पायपर. वरचा मजला रिकामाच होता. तिथल्या भिंती फोडून लायलने डागडुजी काढली होती आणि महिनाभर अर्धवट सोडली होती. किल्ली त्याच्या खिशात.

त्या रविवारी लायल माझ्याकडे जेवायला आला होता. बटाटे वाढून घेता घेता तो हसायला लागला.

"माझ्या भाडेकरणीने भूत पाळलंय. वरून कोणीतरी जमिनीवर ठोकतं म्हणे. धप्... धप्... धप्... तीन आठवडे फोन करतेय. मी म्हटलं, रकून-बिकून जनावर शिरलं असेल. त्याच्याशी तूच बोल."

माझा नवरा हसला. मीही हसले. लाज वाटते आता.

"आणि रोज नवी कुरकुर," लायल पुढे म्हणाला. "हिचं डोकं दुखतं, पोरीला मळमळतं. कामावर गेली की मात्र ठणठणीत! लोकांना कामावर जाऊन डोकेदुखी होते, हिला घरी येऊन होते."

माझ्या हातातला काटा ताटात पडला.

"घरात असली की दुखतं? बाहेर गेली की थांबतं?"

"हो. का?"

"लायल... विषारी वायूचा अलार्म आहे ना तिथे?"

"होता. रंग देताना काढला. परत लावायचा राहिला."

"कधी काढलास?"

"नोव्हेंबरमध्ये."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडीत बसल्या बसल्या नोरीनला फोन लावला.

वाजत राहिला...

वाजतच राहिला...

मग अग्निशमन दलाला लावला.

आम्ही पोचलो तेव्हा नोरीन बर्फात उभी होती. पायांत नुसते मोजे. पायपर तिच्या खांद्यावर, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. जिवंत होती. रडत होती. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नोरीन लायलच्या अंगावरच धावली. "तू म्हणालास वर कोणी राहत नाही!"

"नाहीच राहत."

"मग ती बाई कोण? आम्ही झोपलो होतो. डोळे उघडेनात. वरून ठोकणं सुरू झालं. रोजच्यासारखं नाही... जमीन फोडून खाली येईल असं! मग ती जिन्यावरून खाली आली. आमचं दार बडवत ओरडत होती. पोरीला उचल! पोरीला उचल, बाहेर हो!"

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

नोरीनने माझ्याकडे पाहिलं.

"दार उघडलं तर... कोणीच नव्हतं. आवाज मात्र माझ्या कानाशी होता. पायरी उतरेपर्यंत."

अग्निशमनवाले आले. त्यांनी वायू मोजायचं यंत्र दारातून आत नेलं मात्र, ते किंचाळायला लागलं. तळघरात भट्टीचा धूर बाहेर नेणारा पाइप गंजून सुटला होता. विषारी वायू सगळ्या घरात भरत होता. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो.

"अजून थोडा वेळ झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या," त्यांचा प्रमुख म्हणाला. लायलने मान खाली घातली. मला त्याची अजिबात दया आली नाही.

घरात वारा खेळवल्यावर त्यांनी आम्हाला आत सोडलं. लायलने वरचं कुलूप काढलं.

सगळ्या जमिनीवर प्लास्टरची पांढरी धूळ. महिनाभर कुणाचा पाय न पडलेली. दारापासून आत एकसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं.

पण खोलीच्या मधोमध...

जिथे खाली पायपरचा पलंग आहे, बरोबर त्याच्या वर...

धुळीत मुठीचे ठसे होते. एकावर एक. शेकडो.

लायल भिंतीला टेकून खाली बसला.

शेजारच्या अंगणात एक म्हातारा उभा होता. नाव ओटिस. मी जाऊन विचारलं, वर आधी कोण राहायचं?

"डेल्फीन. शिवणकाम करायची. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. याच भट्टीच्या वायूने." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "मालकाने घर रंगवलं आणि विकून टाकलं. तुझा भाऊ एकदा जरी विचारायला आला असता तर सांगितलं असतं मी."

"तिला कुणी वाचवलं नाही?"

"खालचं बिऱ्हाड तेव्हा रिकामं होतं." त्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं. "जमिनीवर ठोकण्याचा आवाज मी ऐकला होता. मला वाटलं... काहीतरी खिळे ठोकतेय."

मला त्याचाही राग आला. त्या मालकाचा आला. भावाचा तर आलाच. एक बाई मूठ आपटत मेली आणि कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही!

लायलने नवी भट्टी बसवली, खोलीखोलीत अलार्म लावले. नोरीन मात्र तिथे एक दिवसही राहिली नाही. केंटन स्ट्रीटवरचं माझं घर रिकामं होतं, ते मी तिला दिलं.

ती यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिथल्या तळघरात उतरले. खरं सांगते, तीन हिवाळे मी तिथली भट्टी उघडली नव्हती. जगाला अक्कल शिकवणारी मी!

चौथ्या पायरीवर होते तेव्हा...

माझ्या मागे एक पायरी करकरली.

मी थांबले. मागची पावलंही थांबली.

मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. भट्टीचं झाकण काढलं. मागे कुणीतरी श्वास घेत होतं... जोरजोरात, दात आवळून. रागाने.

मी पाइपचा एकेक जोड हाताने चाचपला. बॅटरी घालून अलार्म वाजवून पाहिला.

तेव्हा कुठे ती पावलं वर गेली. सावकाश.

माझी चार घरं आहेत. आता दर ऑक्टोबरला मी चारही तळघरांत उतरते.

एकटी उतरते.

पण एकटी असते असं काही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.