शोषमातीची आवडनिवड

सांगलीत आता पूर टिकत नसे. यायचा, पण रस्त्यांवर डांबराऐवजी अंथरलेली शोषमाती त्याला आल्याआल्या पिऊन टाकायची. सूक्ष्मजीवांच्या जाळ्याने विणलेली ही माती पाणी कुठे प्यायचं आणि कुठे तुंबू द्यायचं ते स्वतः ठरवी. तिला शिकवायला प्रत्येक वॉर्डात एक शास्त्रज्ञ नेमलेला असे. त्याला म्हणत मातीपाल.

हेरंबचं दुर्दैव असं, की त्याच्या वॉर्डाची मातीपाल त्याची बायकोच होती.

शर्वाणी रोज संध्याकाळी अंगणातल्या शोषमातीच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून बसे आणि मातीला दिवसभराचं सगळं सांगे. भाताची पेजही आधी मातीला. हेरंबला उरलेली, तीही गार.

"ढेकळांशी एवढं काय बोलतेस गं?"

"सगळंच पाणी तिला पेलत नाही रे. उरलेलं कुणाच्या दारात सोडायचं? त्यासाठी कोण किती मोलाचं, हे तिला कळायला नको?"

"मग माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"तू काय, घरचाच."

हेरंब जळून खाक. समोर माणूस असता तर कॉलर धरली असती. मातीला कॉलर नव्हती. शेवटी घसा दुखतोय म्हणून त्याने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या थेट त्या खड्ड्यात टाकल्या. सूड म्हणून त्याला एवढंच सुचलं.

श्रावणात ढगफुटी झाली. तासाभरात गाव कोरडं ठणठणीत. हेरंब तेवढा घोटाभर पाण्यात. तो सरकला की पाणीही सरके.

"साहेब," भाजीवाला म्हणाला, "तुमचं तळं जरा पलीकडं घ्या की. कोथिंबीर भिजतीया."

तळ्यासकट तो अंगणात आला. शर्वाणी खड्ड्यात हात घालून बसलेली. तिच्याभोवती थेंब नव्हता.

"तुझ्या या सवतीने माझ्यावर डूख धरलाय!" म्हणत त्याने गुळण्यांचं सगळं सांगून टाकलं.

शर्वाणीला हसू आवरेना. "चूळभर मिठाने तिला काय होतंय! आणि डूख धरायला तिला स्वतःचं मन कुठंय? ती बोलणं ऐकतच नाही. माझ्या हातांची नाडी वाचते, घाम चाखते. कुणाचं नाव घेताना मला आतून काय वाटतं, तेवढंच ती..."

ती मध्येच थांबली.

हेरंबने आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"गुळण्यांमुळेच असेल," तो म्हणाला.

"हो रे," खड्ड्यातले हात न काढता शर्वाणी म्हणाली, "गुळण्यांमुळेच."

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलं.