सोबत आलेली बाई

दर गुरुवारी दुपारी चार वाजता ताई मिस्त्रींच्या घरी जायची. इस्पितळात रुग्णांची स्मरणशक्ती तपासायचं काम तिच्याकडे होतं. बाकीचे रुग्ण तिच्या खोलीत येत. मिस्त्रींकडे मात्र तीच जाई, कारण घराबाहेर पाऊल टाकलं की त्यांना परतीची वाट सापडत नसे. तिसरा मजला, अरुंद जिना, भिंतींना ओल. कठड्याला हात लावला की गार चिकटपणा तळव्याला राही.

मिस्त्रींचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या पार गाभ्यात, थॅलॅमस म्हणतात तिथं, दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा तुटला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. जुनं सगळं तोंडपाठ होतं, अगदी लग्नात कोण रुसलं होतं तेसुद्धा. पण नवीन काही दोन मिनिटांपलीकडे टिकत नव्हतं. पाण्यावर रेघ ओढावी तसं.

"नमस्कार. आपण पहिल्यांदाच भेटतोय, नाही का?" ते दर वेळी म्हणत.

"एकविसाव्यांदा."

"मग तुमच्यात लक्षात राहण्यासारखं काही नसणार!"

यावर सुरुवातीला वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तोंडाला पदर लावून हसायची. ती घरीच शिवणकाम करायची. आता ती मान वर न करता काजं करत राही.

त्या गुरुवारी ताईने तीन शब्द सांगितले: चमचा, पूल, लोकर. पाच मिनिटांनी विचारलं.

"कुठले शब्द?" मिस्त्री म्हणाले. मग तिच्या खांद्यावरून मागे बघत हळूच म्हणाले, "त्यांना बसायला सांगा ना. मागच्या खेपेलाही बिचाऱ्या दारातच उभ्या होत्या."

दारात कोणीच नव्हतं. पण ताईचा हात थबकला तो त्यामुळे नव्हे. 'मागच्या खेपेला' या शब्दांनी तो थबकला. या माणसाला मागची खेप नव्हतीच.

असे रुग्ण आठवणीतली भोकं मनची गोष्ट रचून बुजवतात, हे ती शिकाऊ मुलांना स्वतः शिकवत असे. तिने वहीत तसं लिहिलं आणि निघाली. जिना उतरताना मात्र तिला आपल्या चपलांमागे आणखी एक पाऊल ऐकू आलं. ती थांबली. ते एक पायरी उशिरा थांबलं.

पुढच्या गुरुवारी मिस्त्री ताईला ओळखेनात, नेहमीसारखंच. पण म्हणाले, "आज त्या आत आल्या. बरं झालं." त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी खिडकीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली. "बसल्या एकदाच्या." मग बायकोकडे वळून, "अगं, मागच्या गुरुवारी तू कात्री शोधत होतीस. सापडली का? या आठवण करून देतायत."

वहिनीच्या हातातलं कापड खाली पडलं. आठ महिन्यांत तिच्या नवऱ्याने तिची पहिलीच गोष्ट लक्षात ठेवली होती.

ती ताईमागून जिन्यापर्यंत आली. डोळे भरलेले.

"ताई, एक मागू? तिला इथेच ठेवून जा."

"वहिनी, तिथं कोणी नाहीये हो..."

"नसेना का. यांना आठवलं ना? तुमचं काय जातंय?"

ताई पुन्हा आत गेली. खरं सांगायचं तर वहिनीची दया आली म्हणून नव्हे. दोन आठवडे तिने ती पावलं रस्त्यावर ऐकली होती, स्वतःच्या दारापर्यंत ऐकली होती. रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून ती पुटपुटली, "तुम्ही इथेच थांबा."

उतरताना जिन्यात फक्त तिचीच पावलं वाजली. किती हलकं वाटलं! आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली.

पुढचे काही गुरुवार तिने कामाचं निमित्त सांगून टाळले. वहिनीचे फोन येत. आधी आनंदाचे: यांना काल काय जेवलो ते आठवतं, परवा कोण आलं ते आठवतं. ताईने मिस्त्रींचा पुन्हा स्कॅन काढवला. गाभ्यातले दोन्ही काळे डाग जसेच्या तसे होते. आठवण धरून ठेवायला जागाच नव्हती, तरी आठवणी टिकत होत्या. तिने तो अहवाल दोनदा वाचला आणि खणात ठेवून दिला.

मग एका दुपारी फोन आला. आवाज अगदी दबका.

"ताई... यांना सगळं आठवतं आता."

"मग चांगलंच की."

"सगळं तिच्याबरोबरचं. आमचं लग्न, आमचं पहिलं भाड्याचं घर, माझं आजारपण... सगळीकडे तीच आहे. मला विचारतात, 'या शिवणवाल्या बाई रोज का येतात?'"

"मी आत्ता निघते. तुम्ही दार लावून घ्या."

"दार आतूनच लावलंय ताई. मी बाहेर आहे. दूध आणायला गेले होते... कडी वाजवली, तर आतून विचारलं, 'कोण आहे?'"

"मिस्त्रींनी?"

"नाही..." वहिनीचा श्वास फोनवर थरथरला. "माझ्याच आवाजात."

ताई काही बोलणार, तोच फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला. बिजागरी कुरकुरली. मग वहिनी बोलली, अगदी शांतपणे, जणू काही झालंच नव्हतं.

"राहू द्या ताई. आता येऊ नका."

तो आवाज फोनजवळून आला होता की दाराच्या आतून, ते ताईला आजही सांगता येत नाही.