पाचवी खाच

नव्या लाकडाला जुनं करायला फार काही लागत नाही. तारेचा ब्रश, मूठभर चहापत्ती, व्हिनेगर आणि भांडी घासायची लोखंडी घासणी. ब्रशने मऊ रेषा उकरायच्या, साखळीने चार ठोके द्यायचे, कोरा चहा पाजायचा, आणि घासणी आठवडाभर भिजवलेलं व्हिनेगर वरून फिरवायचं. पांढरं पाइन बघता बघता राखाडी होतं. शंभर वर्षं अर्ध्या तासात. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचा हा धंदा मी बारा वर्षं करतोय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा नियम एकच. प्रत्येक जखमेला मालक हवा. उगाच मारलेला ठोका लगेच ओळखू येतो. म्हणून मी आधी ठरवतो, इथे कुणीतरी टाच टेकून बूट काढायचा, इथे सायकलचं हँडल घासायचं.

एका हॉटेलवाल्याने जुनी दिसणारी दाराची चौकट सांगितली, तेव्हा तिच्या डाव्या बाजूवर वाढत्या मुलाच्या उंचीच्या खाचा पाडायचं मला सुचलं. मनाने ठरवलेली मापं खोटी दिसतात. आमच्या कपाटाच्या दारामागे लेकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, तिसऱ्या वाढदिवसापासून सहाव्यापर्यंतच्या. तीच मापं उचलली. पटाशीने चार खाचा पाडल्या आणि मग चहा, व्हिनेगर. खाच आधीच पाडावी लागते. नंतर पाडली तर आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं आणि सोंग कळतं.

सकाळी खाचा पाच होत्या.

पाचवी चौथीच्या चार बोटं वर, आतून राखाडी. मीच पाडून विसरलो असणार, अशी मनाची समजूत घातली.

लेक वर्गात सगळ्यांत ठेंगणी. घरातही आम्ही तिला बुटकीच म्हणतो आणि ती गाल फुगवून बसते. शाळेतून आली की दप्तरासकट माझ्या कारखान्यात डोकावते. त्या आठवड्याच्या शेवटी ती भिंतीशी उभ्या केलेल्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"बाबा, माप घे ना."

मी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. पट्टीचं टोक पाचव्या खाचेत बसलं.

"वाढले ना मी?"

"वाढलीस की."

"अहो, हिचा फ्रॉक बघा," बायको म्हणाली. "महिना नाही झाला घेऊन. आखूडसुद्धा झाला!" तिला कौतुक वाटत होतं. मला भीती वाटली, आणि का ते तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी खाचा अकरा होत्या. सगळ्यांत वरची माझ्या हनुवटीपाशी.

मी पटाशी घेतली आणि शेजारी एक नवी खाच पाडून पाहिली. ती पांढरी निघाली. मग रंधा घेऊन अकरावी खाच तासली. छिलके पायाशी पडत राहिले. खाच तेवढीच खोल, तेवढीच राखाडी राहिली.

करवत उचलली. दाते लाकडाला टेकले आणि मी थांबलो.

चौकट कापल्यावर लेकीचं काय होईल?

करवत खाली ठेवली. तेवढ्यात चौकटीच्या उजव्या बाजूकडे लक्ष गेलं. तिथे मी काहीच कोरलं नव्हतं.

तिथली पहिली खाच डावीकडच्या अकराव्या खाचेइतकीच उंच होती. दुसरी अर्धं बोट खाली. तिसरी तिच्याखाली. म्हातारपणी माणूस वाकत जातं, तशा त्या उतरत होत्या.

शेवटची माझ्या छातीपाशी. त्याखाली कोरं लाकूड.

"बाबा."

बुटकी चौकटीजवळ जमिनीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. उठताना तिने उजव्या बाजूचा आधार घेतला. आधी एक गुडघा, मग दुसरा. "आई गं," म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर तशीच राहिली.

मग ती आईला हाका मारत घरात गेली.

तिने हात टेकला होता तिथे लाकूड गुळगुळीत झिजलेलं होतं. ते झिजवणारा तळहात तिच्या हाताहून थोडा मोठा होता.