सगुणेची नवमी

बसा, बसा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, भिंतीला टेकवून बसा. ऊन उतरल्याशिवाय सरपंच खुशालभाऊ त्या पलीकडच्या घराचं गेट उघडत नाहीत, त्यामुळे वेळ आहे. तुम्ही नागपूरचे ना? सेमाडोहला निघाला असाल. वाघ दिसेलच याची खात्री नसते, इथली सगुणा मात्र हटकून दिसते, म्हणून गाड्या आधी इथे थांबतात.

मी श्याम. ही समोरची संत्र्याची बाग माझी. अमरावतीला कॉलेज केलं, त्यामुळे पाहुण्यांशी बोलताना भाषा आपोआप इस्त्रीची होते. घरात शिरलो की पुन्हा वऱ्हाडी. रस्त्यावरच्या फलकावर गावाचं जे नाव वाचलंत, ते आमचं नाही. ते मालिकेतलं. ग्रामसभेत हात वर करून सगळ्यांनी ते लावून घेतलं, मीही हात वर केला होता.

मालिका तुम्ही पाहिलीच असणार. मुंबईची मंडळी आली, खुशालभाऊंच्या बागेतल्या रिकाम्या घरात त्यांनी चूल बांधली, भिंतींना काजळी फासली आणि महिनाभर शूटिंग केलं. सगुणा नावाची सून. सासरच्यांनी तिला उपाशी ठेवून मारलं आणि मेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून जेवणाऱ्यांकडे बघत राहते. सगळ्या मालिकेत तिला बोलायला एकच वाक्य आहे: 'माझं पोट भरलं नाही.' ते वाक्य पुढे पोरांच्या टी-शर्टवर आलं, ऑटोच्या पाठीवर आलं, लग्नाच्या पंगतीत थट्टेनं म्हटलं जाऊ लागलं.

अशी बाई आमच्या गावात कधीच नव्हती. लिहिणारा मुलगा माझ्याच ओट्यावर बसून लिहायचा आणि मी त्याला चहा द्यायचो. सगुणेला काय घालायचं, कुठे उभी करायची, हे तो मलाच विचारायचा. हे नीट ध्यानात ठेवा, कारण गावानं ते ठेवलं नाही.

तर लोक यायला लागले. सुरुवातीला पोरं फोटो काढायला यायची, मग कुटुंबं आली, मग बसही थांबू लागली. बायांनी कढी-गोळ्याची गाडी लावली. 'सगुणेची खीर' म्हणून द्रोणात खीर विकायला लागल्या. खुशालभाऊ माणूस मोठा हिकमती. त्यांनी त्या घराला तिकीट लावलं, समोर ओटा बांधला. गावात काम आलं, पोट्टे पुण्याला जायचे थांबले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मग पितृपक्ष आला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे बाहेरचं कुणी फिरकत नाही. खुशालभाऊंच्या डोक्यात किडा वळवळला.

"सगुणा सवाष्ण मेली ना? मंग तिची नवमी करू. असं कोनी पाह्यलं नसन!"

अविधवा नवमी तुमच्याकडेही असेल. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ती तिथी. तिच्या नावानं एक जिवंत सवाष्ण पाटावर बसवायची, तिची ओटी भरायची, तिला पोटभर जेवू घालायचं. जेवते ही आणि पोहोचतं तिला. शेवटी विचारायचं, 'तृप्त झालात?' सवाष्णीनं म्हणायचं, 'तृप्त झाले,' आणि मग पान उचलायचं. आमच्या घरी माझ्या काकूची नवमी अशीच होते, त्यात भिण्यासारखं काही नसतं.

त्या दिवशी सकाळी मी चांदूर बाजारला फवारणीचं औषध आणायला गेलो होतो. दुकानातच खुशालभाऊंचा फोन आला.

"येताना हिरवा खन अन् बांगड्या घेऊन ये बाप्पा. दामिनीले बसवून राह्यलो पाटावर."

दामिनी माझी बायको. हसरी, अंगानं भरलेली, कुणाच्या शब्दाला नाही म्हणायची सवय नसलेली. मी खण घेतला, बांगड्या घेतल्या. रंग तिला शोभेल असा निवडून घेतला.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्या खोट्या स्वयंपाकघरात खरी रांगोळी काढलेली होती. उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, कढी, तांदळाची खीर. तळणीचा वास बागेपर्यंत येत होता. दाराशी, खिडकीशी, सगळीकडे वर धरलेले मोबाइल. आमच्या गावाचं सगळं धर्मकार्य करणारे मोरोपंत चांदूर बाजारहून आले होते आणि दर्भ हातात घेऊन नुसते उभे होते.

"खुशालराव, ही नवमी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"सगुनेची."

"अहो, पण ती गेलेली नाही. ती कधी झालीच नव्हती."

"महाराज, तुमी पाह्यली ना मालिका? मेली का नाई ते?"

"मेली."

"मंग?"

लोक हसले. मोरोपंतही कसंनुसं हसले. "गोत्र?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच 'कश्यप' म्हणून टाकलं, माहीत नसलं की तेच म्हणतात. मग गावासमोर, इतक्या माणसांसमोर, त्यांनी सगुणेचं नाव घेऊन पाणी सोडलं.

दामिनी जेवायला बसली. तुम्हाला सांगतो, त्या बागेत दिवसभर कावळ्यांचा कालवा असतो, पितृपक्षात तर विचारू नका. ती पहिला घास घेईपर्यंत तो होता. नंतर मला आठवतो तो फक्त तिच्या चावण्याचा आवाज. सावकाश... एकसारखा. खीर वाढायला वाकलेले खुशालभाऊ तिच्या कानाशी काहीतरी बोलले. मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"तृप्त झाले म्हनू नको. सगुनेचं वाक्य म्हन. त्याच्याचसाठी आले लोक."

मोरोपंतांनी विचारलं, "तृप्त झालात?"

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत हसू होतं, शाळेतल्या नाटकात काम करणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत असतं तसं. आणि ती म्हणाली, "माझं पोट भरलं नाही."

शिट्ट्या काय, टाळ्या काय! तो व्हिडिओ कुठवर गेला ते तुम्हाला माहीतच आहे. मोरोपंतांनी मात्र पान उचललं नाही. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

"श्याम, ते पान अजून मांडलेलंच आहे असं समज," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्या आल्या दामिनीनं टोपलीतल्या भाकरी काढल्या. मी म्हटलं, "आताच तं जेवली ना वो!"

"हो ना," ती म्हणाली, "पन भूक लागली."

मग ती जेवतच राहिली. सकाळी, दुपारी, मधल्या वेळी. आणि वाळत राहिली. आधी बांगड्या सैल झाल्या, मग गालाची हाडं वर आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून पाहिलं. सगळं ठीक, म्हणाले. अन्न खाल्लेलं मी डोळ्यांनी बघायचो आणि ते कुठे जातं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

एकदा तिनंच सांगितलं. परसात बसली होती, हातात अर्धी भाकर होती.

"घास तोंडात असेपर्यंत माहा रायते. गिळला का... माहा नाई रायत."

"मंग कोनाचा रायते?"

हातातली भाकर तिनं पुन्हा तोंडाला लावली.

मी खुशालभाऊंच्या पाया पडलो, बंद करा म्हटलं. माणूस वाईट नाही, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण दामिनी जितकी वाळत होती, तितकी सगुणेसारखी दिसत होती, आणि गाड्या वाढत होत्या. गावातल्या बाया माझ्या दारावरून जाताना मान खाली घालायच्या. येऊन बोलली मात्र कुणी नाही. पुढे तर दामिनीच दुपार झाली की उठून त्या घरात जाऊन दाराआड उभी राहायला लागली.

"काहून जातं वो तिथं?" मी विचारलं.

"तिथं उभं राह्यलं का भूक कमी लागते."

आता सांगा, मी काय करायचं होतं? दार लावून घेतलं तर आत ती भुकेनं कण्हायची. मोकळी सोडली तर तिकडे जायची. मी सोडली. मोरोपंतांकडे गेलो, तर ते म्हणाले, "पुढची नवमी येऊ दे. तिथीशिवाय तो प्रश्न विचारता येत नाही. तोवर तिला खाऊ घाल."

वर्षभर खाऊ घातलं.

यंदाची नवमी मी घरातच करायची म्हटली. पण त्या सकाळी दामिनी आपली आपण उठली, न्हाली आणि तिकडे जाऊन पाटावर बसली. गर्दी गेल्या वर्षीच्या दुप्पट. तेच पदार्थ, तोच वास. ती खीर बोटानं निपटून खात होती, तेव्हा मोरोपंतांनी विचारलं.

"तृप्त... तृप्त झालात?"

गर्दीतली पोरं पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडून तयारच होती. दामिनीनं रिकाम्या पानाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "झाले. तृप्त झाले."

लोक चुळबुळले, खुशालभाऊंचं तोंड उतरलं. मोरोपंतांनी झटकन पान उचललं. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. सुटलो, वाटलं. देवाशपथ, त्या दिवसाइतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आणि तिला अन्न लागायला लागलं. गाल भरले, बांगड्या घट्ट बसल्या. इथे दाराआड उभी राहते ती आता हौसेनं. लोकांना हसून दाखवते. खुशालभाऊ म्हणतात, भरल्या अंगाची सगुणा लोकांना जास्त आवडते.

दिवाळीला तिची आई आली, भातकुलीहून. पार्वताबाई. लेकीला जेवताना बघत बसल्या. मला वाटलं, डोळे निववून घेतात. थोड्या वेळानं उठल्या आणि अंगणात येऊन मला हाक मारली.

"जवाईबापू... घरात कोन कोन हाय?"

"मी अन् दामिनी. अजून कोन रायनार?"

"जेवून राह्यली ते दिसली मले." त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "मी दाराआडचीबद्दल पुसून राह्यली. ते काहून रडते?"

मी आत जाऊन दाराआड पाहिलं. भिंत होती, झाडू होता. परत आलो तर पार्वताबाई पिशवी न घेताच स्टॉपवर जाऊन उभ्या होत्या. त्या पुन्हा आल्या नाहीत, लेकीला फोनही करत नाहीत.

मोरोपंतांना सांगितलं. "पान मी स्वतःच्या हातानं उचललं, श्याम," म्हणाले. "आता विचारायचं तरी कोणाला?"

हसताय ना? हसा. सगळेच हसतात, शेवटी टाळ्याही वाजवतात. त्यांना वाटतं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यामुळे तर खुशालभाऊंनी मला इथे ही खुर्ची दिली. मी पोलीस पाटलाला सांगितलं, त्यानं माझ्यासोबत सेल्फी काढला. कुणालाही सांगा, त्याची गोष्टच होते.

पार्वताबाई गेल्यापासून दुपारी, ही इकडे आली की मी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक ताट वाढून ठेवतो. बागेतून परत येईपर्यंत ते रिकामं असतं. मांजर खात असेल, असं मीच स्वतःला सांगितलं. पण दामिनीला भाकरीची कड आवडत नसे. नवी नवरी होती तेव्हा सासूला दिसू नये म्हणून ती कड तोडून ताटाखाली सरकवायची, आणि ही खोड आम्हा दोघांनाच ठाऊक. पहिल्या दिवशी मी रिकामं ताट उचललं, तर खाली कडा होत्या. घरातली ती हल्ली कडेसकट भाकर खाते.

रोज कडा निघत. मी त्या हातात घेऊन बसायचो, तेवढाच आधार. एकाच्या दोन भाकरी वाढायला लागलो, दोनाच्या चार.

ते बघा, गेट उघडलं. जा तुम्ही, पुढे उभे राहा, तिथून चांगली दिसते. मला आज जरा लवकर घरी जाऊन जास्तीचं पीठ भिजवायचंय. मघाशी तुम्ही यायच्या आधी मी ताट उचलून आलो. खाली काहीच नव्हतं. तिनं कडाही खाल्ल्या होत्या.